तीन कोरी घरं

करंजवाडी, रोहा
४ डिसेंबर १९९४

केरूदादा,

भाऊबीजेला आला नाहीस, त्याबद्दल भांडण नंतर. आधी कामाचं.

मावशी सांगत होती की तू पेणला एस.टी. स्टँडाजवळच्या गाळ्यात सायक्लोस्टाइलचं यंत्र मांडून बसलायस आणि अर्ज, नोटिसा, मंडळांची पत्रकं असलं सगळं छापतोस. मग आता बहिणीचंही छाप. कुरकुर करायची नाही.

माझ्या शाळेत पोरं आहेत, भिंती आहेत, फळा आहे. वाचायला म्हणशील तर पाठ्यपुस्तक, आणि ते पोरांना आता पाठ झालंय. डोळे मिटून घडाघडा म्हणतात. म्हणून मी एक खेळ काढला. फळ्यावर मोठा चौकोन आखते, घरं पाडते, घराघरात एकेक अक्षर. त्या अक्षरांत आडवे-उभे शब्द लपवायचे आणि खाली त्या शब्दांची यादी. पोरांनी शब्द शोधून भोवती गोल करायचा. अरे, काय सांगू! जी पोरं वाच म्हटलं की पोटात दुखतंय म्हणतात, ती फळ्याला नाक लावून उभी राहतात. पण एका फळ्याला किती नाकं लागणार? प्रत्येकाला आपला कागद पाहिजे.

चौकट मी आखून पाठवते, तू स्टेन्सिल कापून छाप. एक लक्षात ठेव. दर कागदात तीन-चार घरं कोरी सोडायची, दर वेळी वेगळ्या जागी. त्यात मी हाताने वर्गातल्या एका पोराचं नाव भरते. ज्याचं नाव निघेल त्याने तो आठवडाभर शाळेची घंटा वाजवायची. ही आमच्या वर्गाची रीत आहे आणि त्यावरून मारामाऱ्या होतात.

आता खरं काम. चौथीत माझी एक पोर आहे, मनाली. तिचा बाप गुणाजी आणि आई इंदुबाई भात झोडून झालं की तुमच्या पेणच्या खाडीकडे मिठागरावर जातात, ते पाऊस तोंडावर आला की परत. वाडीतून हे एकच बिऱ्हाड जातं. दार ओढून घेतात आणि पोरीला बरोबर नेतात. मी गुणाजीशी पाराजवळ उभं राहून भांडले, सगळी वाडी बघत होती. शेवटी एवढं कबूल करून घेतलं की एप्रिलात परीक्षेला तिला आणायची, आणि पास झाली तर पाचवीला रोह्याच्या वसतिगृहात ठेवायची. तो म्हणाला, “तवर वाचाया इसरली नाय तर ठेवीन. इसरली तर फळी हाय तिच्या नावाची.” ती मीठ ओढायची फळी, दादा. एवढीशी पोर आहे रे.

तेव्हा दर रविवारी सायकल काढ आणि एक कागद मिठागरावर तिला नेऊन दे. तिच्या कागदातली कोरी घरं तू भर, आणि दर वेळी तिचंच नाव घाल. बाकीच्यांची पाळी बदलू दे. ती एकटी लांब आहे, तिला कळलं पाहिजे की वर्गाने तिला सोडलेली नाही. सोडवलेले कागद मला पाठवत जा. तेवढ्यावर मी तिची हजेरी लावीन. कोणी विचारलं तर बघून घेईन.

मालू

---

पेण
१९ डिसेंबर १९९४

मालूबाई,

तुमचा हुकूम पोचला. भाऊबीजेला न आल्याची ही शिक्षा असेल तर पुढच्या वर्षी दोन दिवस आधीच येऊन बसतो.

तू शहाणी आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण स्टेन्सिलवर घरं पाडणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही. मेणकागदावर लोखंडी लेखणीने रेघ ओढायची. जरा जोर झाला की टर्रकन फाटतं आणि मग सगळं परत पहिल्यापासून. माझी निम्मी स्टेन्सिलं तुझ्या चौकटींनी खाल्ली. गिऱ्हाइकं विचारतात, “केरूशेठ, हे काय जुगाराचं काढलंय?” मी सांगतो, सरकारी गुपित आहे.

तुझी मनाली भेटली. बांधावरून सायकल हातात धरून जावं लागतं. खाली बघावं तर चिखल आणि वर बघावं तर मिठाने डोळे दिपतात. खोपीच्या दाराशी बसली होती, पाय खाऱ्या पाण्याने भेगाळलेले. कागद दिला तर आधी नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ बोट लावून नाव शोधायला लागली. सापडलं तशी “आये, माजं नाव!” म्हणून ओरडत आईकडे पळाली. इंदुबाईला वाचता येत नाही, पण तिने हात पुसून कागद घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

पुढच्या रविवारी काय झालं ऐक. मी पोचायच्या आत पोर कमरेवर हात ठेवून उभी! “काका, बगला कुठंय?” मला वाटलं खाडीतला बगळा विचारते. तर तुझ्या यादीत ‘बगळा’ होता आणि मी चौकटीत घालायचाच विसरलो होतो. पोरीने आदला अख्खा दिवस त्या बगळ्यापायी घालवला. मला म्हणाली, “नाय ते शोधाया लावलंत मला. असं करू नये कुनाला.” मी कान धरले. मग हसली.

आणि तिचा निरोप आहे, पुढच्या कागदात ‘मीठ’ घाला. इथं सगळीकडे तेच आहे नि कागदातच नाही, हे काय, असं तिचं म्हणणं.

तुझा छळलेला,
केरूदादा

---

करंजवाडी
११ जानेवारी १९९५

केरूदादा,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. बगळ्यापाशी पोरं अशी हसली की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावले. हितेश म्हणाला, मनाली म्हणजे आमच्या बाईच. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

तिचे कागद बघून बरं वाटतं. एका ओढीत लांबट गोल करते, मध्ये कुठे पेन्सिल उचलत नाही. म्हणजे शब्द आधी डोळ्यांनी वाचते आणि मग हात चालवते. मी तेच तर शिकवत होते.

रोह्याला जाऊन वसतिगृहाच्या बाईंना भेटले. जागा धरून ठेवते म्हणाल्या. मी त्यांना तिचे कागद दाखवले. खोटं कशाला सांगू, दाखवताना माझा ऊर भरून आला. आपल्या हातून एक पोर त्या फळीतून सुटली, तर तेवढं पुरे आहे मला.

सोबत एक लाल पेन्सिल आहे. दुकानात दिसली, तिच्यासाठी घेतली. सांग तिला, परीक्षेला आली की तो आठवडा घंटा तिची. मी कोणाला हात लावू देणार नाही.

‘मीठ’ घातलंय. ‘बगळा’ परत घातलाय. या वेळी विसरलास तर बघ.

मालू

---

पेण
६ फेब्रुवारी १९९५

मालू,

कागद पाठवतोय. पेन्सिल दिली होती. सगळं ठीक.

इकडे विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम चालू आहे, त्यामुळे छपाईचं काम फार आहे. लांबलचक लिहायला होत नाही. तू चौकटी पाठवत राहा, थांबवू नकोस. शब्द जरा सोपे घातलेस तर बरं. दोन-दोन अक्षरांचे.

तब्येतीला जप. ताप आला तर अंगावर काढू नकोस.

केरू

---

करंजवाडी
२७ फेब्रुवारी १९९५

दादा,

हे काय चाललंय?

तुझी पत्रं म्हणजे तारा झाल्या आहेत. बरं, तुला काम असेल, समजू शकते. पण या पोरीला काय झालंय? गेल्या खेपेचे कागद समोर घेऊन बसले आहे आणि डोकं फिरलंय माझं. यादीत ‘घर’, हिने गोल केलाय ‘धर’ला. ‘भात’ असताना भलत्याच ‘मात’ला. हे पहिलीतलं पोर करील, चौथीतलं नाही! आणि तिचा तो एका ओढीचा गोल कुठे गेला? आता प्रत्येक घराला वेगळं कडं, जसं काही एकेक दाणा वेचून ठेवलाय. शब्द वाचतच नाही ती. खालचं अक्षर बघायचं, वर तसलं दिसलं की कडं करायचं. याला वाचणं म्हणत नाहीत. हे असं तर वाचता न येणाऱ्यालाही करता येईल.

फक्त स्वतःचं नाव मात्र बिनचूक सापडतं बाईसाहेबांना! त्याभोवती इतक्या वेळा पेन्सिल फिरवलीय की कागदाला भोक पडलंय. म्हणजे नाव सापडलं की झालं, बाकीचं उरकायचं.

मी त्या वसतिगृहाच्या बाईंना काय तोंड दाखवू? गुणाजी वाटच बघतोय, इसरली म्हणायला. मी त्याच्याशी भांडले ते कशासाठी?

तिला एकच शिक्षा लागते, आणि ती मला माहीत आहे. या खेपेच्या कागदात तिचं नाव घालू नकोस. त्या तीन घरांत भलतीच अक्षरं भर. वर लिही, ‘नीट वाचून केलंस तर पुढच्या वेळी नाव मिळेल. – बाई.’ एक आठवडा रडेल, पण सुधारेल. मी ओळखते तिला.

आणि दया दाखवायची नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मालू

---

पेण
१४ मार्च १९९५

मालू,

हे पत्र शाळेत उघडलं असशील तर मिटून ठेव. घरी जाऊन, बसून वाच.

मनाली नाही गं. जानेवारी संपता संपता गेली.

तुझी लाल पेन्सिल मी तिच्या हातात दिली होती. तिने त्या पेन्सिलीने तुझा ‘मीठ’ शोधला, ‘बगळा’ शोधला आणि मला माफ केलं असं म्हणाली. पुढच्या रविवारी गेलो तर तापाने फणफणली होती. हिवताप. मी म्हटलं पेणला नेऊ या, गुणाजी म्हणाला उतरंल, काल उतरला व्हता. दोन दिवसांनी मिठाच्या ट्रकमधून घेऊन निघाले, पण पेण यायच्या आत वाटेतच सगळं आटोपलं. मला त्याच्या पुढच्या रविवारी कळलं, कागद घेऊन गेलो तेव्हा.

मी कागद खिशातून काढलाच नव्हता. इंदुबाई खोपीच्या दारात बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाऊ, कागद आनलाव?” मी काढून दिला. “याच्यात हाय तिचं नाव?” मी म्हटलं आहे. “कुठं?” मी बोट धरून तीन घरं दाखवली. तिने त्या तीन घरांवर तळहात ठेवला आणि तशीच बसून राहिली. मला तिथे उभं राहवेना आणि निघवेना.

निघताना म्हणाली, “बाईंना सांगू नका. सांगितलंत तर कागद यायचा बंद व्हईल.”

काय करणार होतो मी? सांग ना. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी शब्द दिला.

मग दर रविवारी जात राहिलो. तिने म, ना, ली ही तीन अक्षरं नजरेत धरून ठेवली. आठवडाभर कागद पुरवते, मी गेलो की दाखवते, “हितं व्हती.” मग खालचे शब्दही करायला लागली. मी म्हटलं, ते राहू द्या, तुम्हाला वाचता येत नाही. तर म्हणाली, “पोरीचा कागद अर्धा गेला तर बाई तिला रागावतील.” म्हणून खालचं अक्षर बघायची आणि वर तसलंच धुंडाळायची. घ आणि ध तिला एकच दिसतात. तू ज्याला दाणे वेचणं म्हणालीस ते हे.

आता पुढचं लिहितो. हे लिहायला मला आठवडा लागला.

तुझं रागाचं पत्र आलं आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं हे किती दिवस चालवायचं? कधीतरी थांबायलाच हवं, आणि बाईंनीच सांगितलंय, तेव्हा माझ्या डोक्यावर खापर नको. मी तू सांगितलंस तसं केलं. तीन घरांत क, ट, रू असलं काहीतरी भरलं. वर तुझं वाक्यही लिहिलं. ते तिला वाचता येणार नाही हे डोक्यातच आलं नाही.

त्या रविवारी सकाळीच गेलो होतो. तिने कागद घेतला, मांडीवर पसरला आणि बोट फिरवायला लागली. वरून खाली. मग आडवं. मी म्हटलं, इंदुबाई, असू दे. ती ऐकेना. सगळे मिठावर गेले, ती गेली नाही. मुकादमाने हाक मारली, तिने वर पाहिलं नाही. उन्हाला बसली होती, तिथेच बसून राहिली. मी दोनदा सायकलीपाशी गेलो आणि दोनदा परत आलो. सांगायचं होतं की यात नाही, मीच घातलं नाही. पोर मला म्हणाली होती ना, असं करू नये कुनाला. तेच डोक्यात घण घातल्यासारखं चाललं होतं.

दिवस कलला तेव्हा म्हणाली, “भाऊ, आज नाय गावत.”

मी सायकलीचं हँडल धरलं.

“बाई रागावल्या काय तिच्यावर?”



मग हळूच विचारलं, “शालेतनं नाव काढलं तिचं?”

मालू, मी मान हलवली की नाही, तेसुद्धा मला आठवत नाही. सायकल घेऊन पळालो. पन्नाशीचा बाप्या, बांधावरून पळालो.

आता तूच सांग काय करायचं.

केरू

---

करंजवाडी
२० मार्च १९९५

दादा,

तुझ्यावर रागावले आहे आणि तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही.

मी त्या बाईचे कागद तपासले. लाल पेन्सिलीच्या कड्यांवर माझ्या पेनाने फुल्या मारल्या. ‘आळस’ असं लिहिलं मी एकावर, दादा. आळस. मिठावरून येऊन, चूल पेटवून, मेलेल्या पोरीचा अभ्यास पुरा करणाऱ्या बाईला मी आळशी म्हटलं. आणि मग शिक्षा केली. जी या जगात उरली नव्हती तिला शिक्षा केली, आणि ती भोगली तिच्या आईने, उन्हात बसून.

मी वर्गात फुशारकी मारत होते की या कागदांनी पोरं वाचायला शिकतात. आज सगळ्यांना कागद दिले आणि एकेकाला जवळ बोलावून म्हटलं, गोल केलेला शब्द वाचून दाखव. निम्म्या पोरांना वाचता आला नाही. गोल सगळ्यांचे बरोबर! तीही तेच करतात, सारखं दिसलं की कडं. मीच वाचायला बसवलं नाही त्यांना, गोल मोजत बसले. फक्त तिला वाचता येत होतं. खरोखर वाचत होती ती एकटी.

हजेरीपटावर डिसेंबरपासून आजपर्यंत ती हजर आहे, माझ्या सहीने. खोडायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. वर्गाला अजून सांगितलेलं नाही. हर्षद रोज विचारतो, मनाली कधी येणार, घंटेची पाळी माझी होती ती मी तिला दिलीय. कसं सांगू?

सोबत एक कागद आहे. स्टेन्सिल नको, मी हाताने केलाय. यात दुसरा शब्दच नाही. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळीकडे मनाली, मनाली, मनाली. आडवं बघितलं तरी, उभं बघितलं तरी. कुठेही बोट ठेवलं तरी तिला सापडेल. परत कधी नाही गावत असं व्हायचं नाही. तिला सांग, नाव काढलेलं नाही. बाईंची चूक झाली म्हणून सांग. पाया पडते म्हणून सांग.

मीच आले असते. पण तिच्या समोर उभं राहायची हिंमत माझ्यात नाही, हे खरं आहे.

मालू

---

पेण
३ एप्रिल १९९५

मालू,

गेलो होतो.

तुझा निरोप सगळा सांगितला, एक शब्द गाळला नाही. तिने ऐकून घेतला. म्हणाली, “बाईंना काय ठावं. त्यांचा दोष नाय.” मग हात धुऊन, पदराला पुसून कागद घेतला.

पहिल्यांदा बोट ठेवलं, लगेच गावलं. चेहरा जरा उजळला तिचा. मला वाटलं, झालं, मालूने बरोबर ओळखलं. मग दुसरीकडे ठेवलं. तिथेही तेच. तिसरीकडे ठेवलं. मग खालच्या ओळीत, मग पार कडेला. मग तिचं बोट थांबलं. कागदाकडे नुसती बघत राहिली, जसं एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं. तुझ्यावर रागावली नव्हती, एवढं मी शपथेवर सांगतो. पण आठवडाभर पुरवायचं जे होतं, ते आपण तिच्याकडून काढून घेतलं. शोधायचं काही ठेवलंच नाही.

कागदाची आधीच्याच घडीवर घडी केली. खोपीत गेली आणि लाल पेन्सिल घेऊन आली, झिजून बोटभर राहिलेली. ती कागदावर ठेवली आणि दोन्ही माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, इंदुबाई, पुढच्या रविवारी पहिल्यासारखा आणतो, एकच नाव घालून. ती नको म्हणाली. फळी उचलली आणि वाफ्याकडे चालायला लागली. बांधावर जाऊन वळली आणि तिथून म्हणाली,

“बाईंना सांगा, एवढ्या नको व्हत्या. माजी एकच व्हती.”

कागद आणि पेन्सिल या पाकिटातच आहेत.

केरू